बेवड चांगला, तरी गहू पिवळा

वाचकाचा प्रश्न

तीन वर्षांपूर्वी वडिलांकडून शेतीचा कारभार हाती घेतलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. जमीन भारी, काळी. कारभार हाती आल्यावर त्यांनी गव्हाचं वाण बदललं, कारण वडिलांचं वाण जुनं झालं होतं. दुसऱ्याच वर्षी गव्हात पिवळे पट्टे दिसू लागले. त्या पट्ट्यांत रोपं खुजी राहतात, फुटवे कमी येतात, खालची पानं आधी पिवळी पडतात आणि ऊन चढलं की बाकीच्या पिकाच्या आधी ती माना टाकतात. नत्र देऊन झालं, जस्त देऊन झालं. चार दिवस हिरवेपणा येतो, पुन्हा तेच. मग एका हंगामात हरभऱ्याची फेरपालट केली. त्यानंतरच्या गव्हात पट्टे आकसायचे तर आणखी पसरले. मुळं उपटून पाहिली तर गाठी दिसल्या नाहीत, मुळं नुसती तपकिरी आणि विरळ होती. शेवटी माती तपासायला दिली. अहवालात एकच ओळ आली: ‘सूत्रकृमी आढळले.’ म्हणजे मातीत राहणारे, दोऱ्यासारखे बारीक जंत.

आता एक परिचित सांगतात, पेरणीबरोबर दाणेदार औषध टाका, एकदाच काय तो बंदोबस्त होईल. वडील म्हणतात, गहूच बंद कर. ताई शेवटी लिहितात, ‘बाबांच्या हातात असताना जमीन अशी नव्हती. माझं काय चुकलं? औषध टाकू की गहू सोडू?’

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्या ओझ्याखाली लिहिलेलं वाटतं. सूत्रकृमींची संख्या एका हंगामात शून्यावरून पीक पिवळं पडण्याइतकी वाढत नाही. ती वर्षानुवर्षं साठत जाते आणि वरून काही दिसत नाही. तुमच्या हाती कारभार आला तेव्हा ते मातीत होतेच, आणि बहुधा भरपूर होते. मग बाबांच्या वेळी गहू हिरवा कसा होता? याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, वाण बदलल्याच्या ओळीत. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. मी मात्र त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो.

पण आधी तुमच्या अहवालाबद्दल. ‘सूत्रकृमी आढळले’ या ओळीला मी निदान मानत नाही. जिवंत मातीत सूत्रकृमी असतातच. त्यांतले बहुतेक जिवाणू खातात, बुरशी खातात, काही तर दुसऱ्या सूत्रकृमींनाच खातात. ते पिकाच्या वाटेला जात नाहीत, उलट अन्नद्रव्यं मोकळी करून त्याला मदतच करतात. त्यामुळे कोणता सूत्रकृमी आणि किती, ही दोन उत्तरं अहवालात नसतील तर त्यावर एक पैसाही खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. किमान प्रजातीचं नाव हवं, आकडा हवा आणि तो आकडा किती मातीतला आहे तेही हवं.

हे इतकं अडून सांगतोय, कारण गव्हाला छळणारे सूत्रकृमी एका जातीचे नाहीत. एकाला जे पीक उपाशी ठेवतं, तेच दुसऱ्याला पोटभर जेवण देतं.

पुटी करणारा सूत्रकृमी बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्याचं शास्त्रीय नाव हेटरोडेरा अव्हेनी. राजस्थानात त्याच्या रोगाला ‘मोल्या’ म्हणतात. तिथे 1958 साली त्याची नोंद झाली, पुढे हरियाणातही तो मोठी डोकेदुखी ठरला. हलक्या, रेताड जमिनीत तो जास्त त्रास देतो. पिल्लू मुळाच्या टोकामागून आत शिरतं आणि तिथेच ठाण मांडतं. मूळ लांब वाढायचं थांबतं, त्या जागी फांद्यांवर फांद्या फुटतात आणि मुळांचा झुपका होतो. मादी फुगून लिंबाच्या आकाराची होते आणि मुळाला चिकटून बसते. गहू ओंबीवर येतो त्या सुमाराला हे पांढरे मणी नुसत्या डोळ्यांना दिसतात, खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे लहान. पुढे मादी मरते, तिचं कातडं तपकिरी आणि टणक होतं. तीच पुटी. तिच्या पोटात शेकडो अंडी कित्येक वर्षं सुरक्षित राहतात.

या सूत्रकृमीची एक दुबळी बाजू आहे. त्याची वर्षाला एकच पिढी होते आणि तो गहू, सातू, ओट यांसारख्या गवतवर्गीय पिकांवरच जगतो. थंडीची चाहूल लागली की बरीचशी अंडी उबतात, मग शेतात गहू असो वा नसो. त्या वर्षी तिथे हरभरा, मोहरी किंवा मेथी असेल तर बाहेर पडलेली पिल्लं उपाशी मरतात. म्हणून ‘सूत्रकृमी असतील तर हरभरा घ्या’ हा सल्ला सगळीकडे सांगितला जातो. तो खोटा नाही, पण तो या सूत्रकृमीपुरता आहे.

आता तुमची लक्षणं बघा. जमीन भारी. मुळांवर मणी नाहीत, गाठी नाहीत, झुपका नाही. मुळं तपकिरी, बारीक उपमुळं झडलेली. आणि हरभऱ्यानंतर त्रास वाढलेला. मला संशय येतो तो मुळांत व्रण करणाऱ्या सूत्रकृमीचा, त्यातही प्रॅटिलेंकस थॉर्नी या प्रजातीचा. हा जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतो. तो एका जागी बसत नाही. मुळाच्या सालीत शिरतो, एक पेशी फोडून रस पितो, पुढच्या पेशीत जातो. मागे मेलेल्या पेशींची तपकिरी रेघ राहते आणि त्या वाटेने बुरशीही आत शिरते. याच्या माद्यांना नराची गरज जवळपास नसते, त्या एकट्याच अंडी घालतात आणि एकाच हंगामात अनेक पिढ्या होतात. माती कोरडी पडली की तो वेटोळं करून निपचित पडून राहतो आणि ओल आली की पुन्हा चालू लागतो.

आणि ताई, हरभरा या थॉर्नीचं आवडतं पीक आहे. मूगही त्याला चालतो.

हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधीच्या हरभऱ्याचा जमिनीवर राहिलेला परिणाम, गव्हाला चांगला, हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. नत्राच्या बाबतीत ते खरंच आहे. पण ज्या रानात थॉर्नी आहे तिथे हरभरा त्याची संख्या वाढवतो आणि वाढलेली फौज पुढच्या गव्हाच्या वाट्याला येते. गव्हावर गहू घेतला तरी तेच, गव्हानंतर हरभरा घेतला तरी तेच. तुम्ही पुस्तकाप्रमाणे वागलात, फक्त ते पान दुसऱ्या सूत्रकृमीचं होतं. अर्थात हे नाव मी पत्रावरून धरलं आहे. माझ्या संशयावर शेताची दिशा ठरवू नका, आधी खात्री करून घ्या.

ती अशी करा. पीक उभं असेल तर पट्ट्याच्या मधोमध, जिथे रोपं मरायला टेकली आहेत, तिथली माती घेऊ नका. तिथे मुळंच उरलेली नसतात, मग सूत्रकृमी कशावर जगणार? पट्ट्याच्या कडेला, जिथे पिवळं आणि हिरवं एकमेकांना भिडतं, तिथे पंधरा-वीस ठिकाणी खणा. रोप उपटायचं नाही, खुरप्याने मातीसकट उचलायचं. उपटलं की बारीक मुळं जमिनीतच राहतात आणि आपल्याला पाहायची असतात ती नेमकी तीच. माती दोन थरांत वेगळी ठेवा, वरच्या 15 सेंटिमीटरची एक पिशवी आणि 15 ते 30 सेंटिमीटरची दुसरी. पुटीवाले बहुतेक वरच्या थरात सापडतात. थॉर्नी मात्र खोल जातो, ऑस्ट्रेलियात तो 90 सेंटिमीटरपर्यंत मिळाला आहे. प्रत्येक थराची माती एका घमेल्यात मिसळून त्यातली अर्धा किलो, सोबत मूठभर मुळं. चांगल्या, हिरव्या भागाचा असाच वेगळा नमुना घ्या. तो नसेल तर आलेल्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

पिशव्या प्लास्टिकच्या, तोंड बांधलेल्या, सावलीत ठेवलेल्या. नेहमीच्या माती परीक्षणासाठी आपण माती वाळवून देतो, ती सवय इथे घातक आहे. प्रयोगशाळेत ओली माती कागदात किंवा फडक्यात गुंडाळून नरसाळ्यातल्या पाण्यावर ठेवतात. जिवंत सूत्रकृमी वळवळत बाहेर येतात, तळाशी जमतात आणि एक-दोन दिवसांनी खालचं पाणी काढून मोजतात. जावा बेटावर काम करणाऱ्या बेअरमन या डॉक्टरांनी 1917 साली ही पद्धत मांडली, आजही तीच वापरतात. मोटारीत उन्हात राहिलेल्या पिशवीतले सूत्रकृमी मेलेले असतात, मेलेले बाहेर पोहून येत नाहीत आणि अहवालात ‘संख्या नगण्य’ असं येतं. दुसरी गोष्ट, पुटीही पोहत नाही. तिच्यासाठी माती धुऊन बारीक चाळण्यांतून काढावी लागते. म्हणून नमुना देतानाच सांगा: पुट्याही मोजा, मुळांतलेही मोजा आणि प्रजात लिहून द्या.

घरी एवढं करता येईल. त्याच रोपांतल्या दोन-चार रोपांची मुळं बादलीत तासभर भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या. मग पांढऱ्या परातीत स्वच्छ पाण्यात पसरा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. पांढरे मणी दिसले तर पुटीवाला. मुळाच्या टोकाला आकड्यासारखी वाकलेली गाठ दिसली तर गाठी करणारा, म्हणजे बहुधा मेलॉइडोगायनी ग्रॅमिनिकोला. भातानंतर गहू घेणाऱ्यांकडे तो सापडतो, कारण भात हे त्याचं मुख्य घर. नुसते तपकिरी डाग आणि उपमुळं झडलेला सांगाडा दिसला तर व्रणवाल्याचा संशय घ्या, पण फक्त संशय, कारण मूळकूज करणाऱ्या बुरशीही मुळांची हीच दशा करतात.

आता औषध. तुमच्या परिचितांनी चांगल्या मनाने सांगितलं असेल, पण ‘एकदाच टाका’ हे कुठल्याही सूत्रकृमीबाबत खरं नाही. दाणेदार औषध पेरणीच्या ओळीत पडतं, वरच्या थरात काही आठवडे काम करतं आणि विरून जातं. रोप सुरुवातीला बरं दिसतं. खालच्या थरातले मात्र तसेच राहतात, आणि वाचलेल्यांना आता आधीपेक्षा जास्त निरोगी मुळं खायला मिळतात. हंगाम संपेपर्यंत संख्या पुन्हा तिथेच येते. भारी जमिनीत, खोल राहणाऱ्या थॉर्नीवर, गव्हासारख्या पिकात हा खर्च अंगावर येतो. शिवाय या गटातली जुनी औषधं माणसालाही जबर विषारी आहेत. आल्डिकार्ब आणि कार्बोफ्युरान अनेक देशांनी याच कारणाने बंद केली. कार्बोफ्युरानचे दाणे बी समजून टिपणारे पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. नवी, तुलनेने सौम्य औषधं आणि बीजप्रक्रिया आल्या आहेत. तुमच्याकडे गव्हासाठी नोंदणी असलेलं एखादं असेल तर छोट्या पट्टीवर करून पाहायला हरकत नाही. मात्र लेबलवर गव्हाचं नाव नसेल तर पुडा उघडूही नका. हातमोज्यांशिवाय दाणे फेकणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही तसं करू नका आणि शेतावर कुणाला करूही देऊ नका.

निंबोळी पेंड, शेणखत, सूत्रकृमींची अंडी खाणाऱ्या पर्प्युरिओसिलियमसारख्या बुरशी यांच्याबद्दलही विचारणा होते. जमिनीसाठी हे चांगलंच आहे. पण भाजीच्या वाफ्यात मोजूनमापून दिलेली पेंड आणि एकरांनी पसरलेला गहू यांत फरक आहे. यावर सगळी मदार ठेवून फेरपालट टाळू नका, एवढंच सांगतो.

बाबांचा पर्याय, गहू बंद करण्याचा. यात मला अर्धं तथ्य दिसतं. गव्हाला काही काळ सुट्टी द्यायला हवी, कायमची नव्हे. आणि सुट्टी म्हणजे रान नांगरून मोकळं ठेवणं, असंही समजू नका. मोकळ्या रानात थॉर्नी हळूहळू कमी होतो खरा, पण फार काळ काहीच न पेरलं तर मुळांना स्फुरद आणि जस्त मिळवून देणारी उपकारक बुरशीही घटते. मग पुढचं पीक वेगळ्याच कारणाने खुजं राहतं. त्यापेक्षा थॉर्नीला न पोसणारं पीक घ्या. ज्वारी, सूर्यफूल, जवस ही त्याला फारशी मानवत नाहीत. संख्या मोठी असेल तर अशी दोन पिकं लागोपाठ घ्यावी लागतात, एकाने भागत नाही. या काळात गेल्या पेऱ्याच्या सांडलेल्या दाण्यांतून उगवलेला गहू आणि गवत काढत राहा. बांधावरचं चार काडी गहूसुद्धा त्याला पुढच्या हंगामापर्यंत पोहोचवतं.

इथेही नावाची अट आहेच. अहवालात प्रॅटिलेंकस थॉर्नीऐवजी प्रॅटिलेंकस निग्लेक्टस आला, म्हणजे त्याच कुळातला दुसरा भाऊ, तर हिशेब बदलतो. त्याला मोहरीवर्गातली पिकं चालतात आणि ज्वारीची काही वाणंही. म्हणून ‘व्रण करणारे’ एवढ्यावर थांबू नका, प्रजातीचं पूर्ण नाव मागा.

आता वाणाकडे येतो. सूत्रकृमींच्या बाबतीत वाणाचे दोन वेगळे गुण असतात आणि ते एकच समजले जातात. एक गुण सोसण्याचा. सोसणाऱ्या वाणाच्या मुळांत सूत्रकृमी कितीही शिरले तरी ते बऱ्यापैकी उत्पन्न देतं. दुसरा गुण प्रतिकाराचा. प्रतिकारक वाणाच्या मुळांत सूत्रकृमीला वाढताच येत नाही. एखादं वाण सोसणारं असतं पण प्रतिकारक नसतं. तेव्हा शेतकरी पोती भरून नेतो, आणि खाली सूत्रकृमी मुकाट्याने दुप्पट, चौपट होत राहतात. पुढे कुणी तिथे न सोसणारं वाण पेरलं की सगळं एकदम उघडं पडतं.

माझा अंदाज असा की बाबांचं वाण सोसणारं होतं. त्याने इतकी वर्षं उत्पन्न दिलं आणि सूत्रकृमींनाही पोसलं. तुम्ही आणलेल्या नव्या वाणाला हे सोसलं नाही, म्हणून तुम्हाला पट्टे दिसले. यात दोष बाबांचाही नाही. जे वरून दिसत नाही, त्याचा हिशेब कुणी ठेवायचा? एका अर्थाने नव्या वाणाने तुम्हाला जमिनीची खरी अवस्था सांगितली.

न सोसणाऱ्या वाणांत थॉर्नीमुळे निम्म्याच्या आसपास घट येऊ शकते, असा ऑस्ट्रेलियाच्या गहूपट्ट्यातल्या उत्तरेकडच्या काळ्या जमिनींतला अनुभव आहे. तिथे एका ग्रॅम मातीत दोनपेक्षा जास्त थॉर्नी निघाले की न सोसणाऱ्या वाणात नुकसान धरून चालतात. तुमचा आकडा आला की या मापाशी ताडून बघा. तुमची हवा, तुमचं वाण वेगळं, त्यामुळे हे माप काटेकोर नाही, पण अंदाज येतो.

त्याच प्रदेशातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. थॉर्नीने पोखरलेल्या एका शेतात ‘गॅचर’ नावाचा गहू होता. हे वाण थॉर्नीपुढे अगदी दुबळं, त्यामुळे सगळं रान खुजं आणि पिवळं पडलं होतं. त्यात एकच झाड तगून उभं होतं. शास्त्रज्ञांनी त्याच झाडाचं बी घेतलं, वाढवलं, तपासलं. ‘जीएस 50 ए’ नावाची ती ओळ पुढे थॉर्नीला प्रतिकार करणाऱ्या गव्हाच्या पैदाशीचा पाया ठरली. म्हणून तुम्हालाही सांगतो, पिवळ्या पट्ट्यात पिवळंच बघत फिरू नका. मधे एखादं हिरवं, भरदार झाड दिसलं तर त्याला खूण करा आणि त्याच्या ओंब्या वेगळ्या काढा. बहुतेक वेळा तिथे नुसतं जास्त खत किंवा ओल असते. तरी वेगळ्या काढायला काही लागत नाही.

पुटीवाल्यांसाठीही प्रतिकारक वाणं आहेत. राजस्थानात दुर्गापुऱ्याच्या संशोधन केंद्रातून आलेलं ‘राज एमआर-1’ त्यासाठीच. पण पुटी सूत्रकृमीचे प्रकार जागेप्रमाणे बदलतात. एका ठिकाणी टिकणारा प्रतिकार दुसरीकडे कोसळू शकतो. आणि पुटीवर प्रतिकारक असलेलं वाण थॉर्नीवर प्रतिकारक असेलच असं नाही. ‘सूत्रकृमी प्रतिबंधक’ एवढंच पिशवीवर छापलेलं असेल तर कोणत्या सूत्रकृमीला, हे विचारा.

पुटीवाला निघालेल्या वाचकांसाठी आणखी थोडं. कडक उन्हाळ्यात दोन-तीनदा खोल नांगरट केली की पुट्या वर येऊन तापतात आणि सुकतात. सलग दोन वर्षं गवतवर्गीय पीक टाळलं की मोठा फरक पडतो. पेरणी शिफारशीच्या काळात जितकी लवकर उरकेल तितकं बरं, म्हणजे पिल्लं जोरात यायच्या आत मुळं खोल जातात.

तुमच्या पत्रात ओंब्यांची तक्रार नाही, पण दुसऱ्या काही पत्रांत आहे, म्हणून तेही इथेच सांगतो. ओंबीत दाण्याऐवजी काळपट, टणक, वेड्यावाकड्या गाठी भरल्या असतील आणि कोवळी पानं चुरगळल्यासारखी निघत असतील, तर तो अँग्विना ट्रिटिसी, बियाण्यातून येणारा सूत्रकृमी. त्यातली एक गाठ ब्लेडने कापून पाण्याच्या थेंबात ठेवा. आतला कापसासारखा पांढरा भुगा काही वेळाने हलू लागतो. 1743 साली नीडहॅम या अभ्यासकाने हेच केलं आणि सुके तंतू जिवंत झालेले पाहून तो थक्क झाला. वनस्पतीवर जगणाऱ्या सूत्रकृमीचं ते पहिलं दर्शन. एका गाठीत हजारो पिल्लं असतात आणि ती सुक्या गाठीत कित्येक दशकं जगतात. याच सूत्रकृमीसोबत एक जिवाणूही येतो, मग ओंबीवर पिवळा चिकट द्राव दिसतो. त्याला उत्तरेकडे ‘टुंडू’ म्हणतात.

दिसायला भयंकर असला तरी सगळ्यांत सहज हटणारा हाच. बी 20 टक्के मिठाच्या पाण्यात टाकून ढवळा. गाठी हलक्या असल्याने वर तरंगतात, त्या काढून जाळा. बी लगेच दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ उगवण मारतं, आणि सावलीत वाळवा. स्वच्छ बी आणि वर्षभर गव्हाला सुट्टी, एवढ्यावर तो शेतातून जातो. जिथे सगळे स्वच्छ बी पेरतात तिथून तो जवळपास नाहीसा झाला आहे.

पुन्हा तुमच्याकडे. खतांबद्दल मनाला लावून घेऊ नका. जस्त आणि नत्र वाया गेलं असं नाही, पण ते शोषायला मुळंच नसतील तर वरून कितीही दिलं तरी चार दिवसांचीच हिरवळ येणार. नेहमीचा हप्ता द्या, वाढवू नका.

ट्रॅक्टर आणि अवजारांच्या बाबतीत मात्र उद्यापासूनच बदल करा. सूत्रकृमी स्वतःहून फार लांब जात नाही. चाकाला, फाळाला चिकटलेल्या मातीतून तो पट्ट्यांतून पट्ट्यांत आणि शेतातून शेतात जातो. तुमचे पट्टे नांगरटीच्या दिशेने लांबले असतील तर कारण हेच. बाधित भागाचं काम सगळ्यांत शेवटी करा आणि अवजार बाहेर काढण्याआधी माती खरवडून धुवा. शेजाऱ्यांची अवजारं तुमच्याकडे येत असतील तर त्यांनाही मोकळेपणाने सांगा. लपवण्यासारखं यात काही नाही.

थॉर्नी निघाला तर पहिल्या वर्षी बाधित भागात ज्वारी किंवा सूर्यफूल, दुसऱ्या वर्षी जवस किंवा पुन्हा तसंच एखादं पीक, असा क्रम मला योग्य वाटतो. हरभरा तेवढा चांगल्या भागात घ्या आणि तोही तिथला आकडा पाहून. तिसऱ्या वर्षी पेरणीआधी पुन्हा नमुना द्या. संख्या उतरली असेल तर सोसणारं, आणि मिळालं तर प्रतिकारकही असलेलं वाण पेरा. संख्या शून्यावर येणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. गव्हाला झेपेल इतकी खाली आली की गहू येतो.

बाबांना नमुना घ्यायला सोबत न्या. कोणत्या कोपऱ्यात गहू पूर्वीपासून थोडा मागे राहायचा, हे त्यांना पाठ असेल. ती जागा आणि आजचे पट्टे जुळले तर किती वर्षांपासून हे साठत होतं ते दोघांनाही तिथेच उभ्या उभ्या कळेल. आणि त्यांच्या जुन्या वाणाचं थोडं बी घरात किंवा नात्यात कुणाकडे उरलं असेल तर मिळवून ठेवा. पुढे गहू पेराल तेव्हा नव्या वाणाशेजारी त्याच्या चार ओळी टाका, दोन्हीकडची मुळं धुऊन बघा, काढणीनंतर दोन्हीखालची माती वेगवेगळी तपासा. अहवाल आला की त्यातलं नाव आणि आकडा मला कळवा.